लायकर्गस चषक: नॅनो-कणांच्या आधी त्याची आतली बाजू बघा

रोमन काचेबद्दल काही वाचायला घेतलंत तर फार लवकर एका विधानाशी तुमची गाठ पडेल: रोमन लोकांना सोळाशे वर्षांपूर्वी नॅनोटेक्नॉलॉजी माहीत होती. सोबत दोन फोटो असतात. एकात एक पेला शेवाळी हिरवा दिसतो, दुसऱ्यात तोच पेला माणकासारखा लाल. हा लायकर्गस चषक. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला, 1958 पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला. फोटो खोटे नाहीत. पण त्यांच्याबरोबर येणारं विधान मला गेली काही वर्षं खटकतंय. का खटकतंय ते नीट उलगडून सांगतो, कारण संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी अशाच एखाद्या आकर्षक विधानाशी झुंजावं लागतं.

आधी वस्तू बघू. चषक साधारण साडेसोळा सेंटिमीटर उंच आहे. त्यात काठाची आणि बैठकीची चांदीची, सोनेरी मुलाम्याची जोड धरलेली आहे, आणि ती पुष्कळ नंतरची आहे. बाहेरच्या बाजूला थ्रेसचा राजा लायकर्गस दिसतो. त्याने डायोनायसस या मद्यदेवतेच्या अनुयायांवर हल्ला केला, अँब्रोशिया नावाच्या स्त्रीला मारायला धावला, आणि तिची द्राक्षवेल झाली. त्याच वेलीने राजाला करकचून आवळलं. चषकावर नेमका तो क्षण आहे: वेलींत अडकलेला, नागडा, ताणलेल्या अंगाचा राजा. आजूबाजूला पॅन, एक सॅटर आणि स्वतः डायोनायसस.

आता महत्त्वाची गोष्ट. या आकृत्या वेगळ्या करून चिकटवलेल्या नाहीत. जाड भिंतीचा एक अख्खा काचेचा पेला घ्यायचा आणि बाहेरून आत कोरत जायचं. नको ती काच काढून टाकत टाकत आकृती उरते, आणि पुष्कळ ठिकाणी ती मागच्या भिंतीपासून सुटी होऊन फक्त छोट्या छोट्या काचेच्या खुंट्यांवर तोललेली राहते. म्हणजे पेल्याभोवती काचेचा पिंजराच. म्हणून या प्रकाराला इंग्रजीत पिंजऱ्यावरूनच नाव पडलंय. जुना शब्द डायाट्रेटम. असे चषक जगभरात मिळून पन्नासेक माहीत आहेत, आणि त्यातले बहुतेक तुकड्यांच्या रूपात. बरेचसे नुसत्या भौमितिक जाळीचे असतात. माणसांच्या आकृत्या कोरलेला, जवळजवळ पूर्ण उरलेला असा लायकर्गस हाच.

मग रंगाचं काय? उजेड समोरून पडला तर काच हिरवी आणि अपारदर्शक दिसते. दिवा आत किंवा मागे ठेवला की लाल. काचेच्या एका लहानशा तुकड्याचं विश्लेषण झालं, आणि 1990 मध्ये बार्बर आणि फ्रीस्टोन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यातले धातूचे कण दाखवले. सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचे, साधारण 50 ते 100 नॅनोमीटरचे. आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा म्हणा. हे कण हिरवा उजेड आपल्याकडे परत विखुरतात आणि लाल आरपार जाऊ देतात. काचेत सोन्याचं प्रमाण दहा लाखांत 40 भाग, चांदीचं 300 भागांच्या आसपास.

इथपर्यंत सगळं पक्कं आहे. गडबड पुढच्या पायरीवर होते. 'काचेत नॅनो-कण आहेत' यावरून 'कारागिरांना नॅनो-कण माहीत होते' हे वाक्य इतक्या सहज लिहिलं जातं की वाचणाऱ्याला उडी मारल्याचं कळतही नाही. वस्तूत काय आहे आणि करणाऱ्याला काय माहीत होतं, हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर सूक्ष्मदर्शक देतो. दुसऱ्याचं देऊ शकत नाही, कितीही भारी सूक्ष्मदर्शक आणा. आईने लावलेल्या विरजणात कोट्यवधी जिवाणू असतात, म्हणून तिला कोणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. तिला वेळ, ऊब आणि दुधाचा स्वभाव कळतो, आणि ते ज्ञान काही कमी प्रतीचं नाही. फक्त ते वेगळ्या जातीचं आहे.

थोडा हिशेब करून बघू. एक किलो काचेत 40 मिलिग्रॅम सोनं. सोनाराच्या भाषेत गुंजेचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढंसं सोनं किलोभर वितळलेल्या काचेत सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. कोणी ठरवून तोलून टाकलं असेल का? टाकता येईल, पण मग आधी सोन्याचं प्रमाण जास्त असलेली थोडी काच करून ती साध्या काचेत मिसळावी लागेल. दुसरी शक्यता अशी की भट्टीत, मुशीत किंवा वितळायला घेतलेल्या जुन्या काचेतून सोनं-चांदी नकळत आली. रंग यायला नुसते धातू असूनही पुरत नाही; ते विरघळून पुन्हा योग्य आकाराच्या कणांत बाहेर यायला हवेत, म्हणजे तापमान, भट्टीतली हवा आणि वेळ हे सगळं जुळून यायला हवं. अशी दुरंगी, म्हणजे डायक्रोइक रोमन काच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडली आहे, आणि चौथ्या शतकानंतर हे तंत्र पुढे चाललेलं दिसत नाही. कृती हातात पक्की असती तर आणखी नमुने दिसायला हवे होते, असं म्हणावंसं वाटतं. (काच फुटते, आणि फुटली की परत वितळवतात, त्यामुळे 'सापडलं नाही म्हणजे नव्हतं' हा युक्तिवाद काचेच्या बाबतीत जपूनच वापरा.)

गंमत म्हणजे मूळ संशोधक इतके उतावीळ नव्हते. 2007 मध्ये फ्रीस्टोन आणि सहकाऱ्यांचा जो लेख 'गोल्ड बुलेटिन'मध्ये आला त्याच्या शीर्षकात 'रोमन नॅनोटेक्नॉलॉजी' हे शब्द आहेत खरे. पण गोषवारा उघडून बघा. चषक असामान्य का, हे सांगताना तिथे आधी येते घडवण्याची पद्धत आणि कारागिरी, आणि मग दुसऱ्या क्रमांकावर प्रकाशाचा परिणाम. 2013 च्या सुमारास लोकप्रिय लेखांची लाट आली तेव्हा दुसरा मुद्दा पहिला झाला आणि पहिला गळूनच गेला. शीर्षक वाचून उद्धृत करणाऱ्यांची जमात आपल्याकडेही कमी नाही, असो.

माझं म्हणणं असं की या चषकातला सगळ्यात बोलका पुरावा धातूच्या कणांत नाही. तो चषकाच्या आतल्या भिंतीत आहे, आणि फोटोत तो दिसत नाही. आतली बाजू बहुतेक गुळगुळीत आहे. पण मुख्य आकृत्यांच्या बरोबर मागे आतून खोलगट भाग कोरून काढले आहेत. पेल्यात बोटं फिरवली तर राजाच्या धडामागे खड्डा लागेल. कशासाठी? पिण्यासाठी याचा काही उपयोग नाही, उलट धुवायला त्रास. बाहेरून बघणाऱ्याला तर तो खड्डा कळतही नाही. ताकदीच्या दृष्टीने तो धोक्याचाच. समोरून पडणाऱ्या उजेडात त्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो एकाच परिस्थितीत: उजेड मागून येतो तेव्हा. बाहेर उठावदार असलेली आकृती मागच्या भिंतीसकट जाड असते. जाड काचेतून उजेड कमी येतो, म्हणजे लायकर्गसचं धड काळपट राहिलं असतं आणि भोवतीची पातळ काच लाल पेटली असती. नेमका कथानायक अंधारात. आतून काच काढून कारागिराने आकृतीची जाडी आजूबाजूच्या काचेजवळ आणली, म्हणून लाली सगळीकडे सारखी पसरते. एवढी मेहनत करून, एवढा धोका पत्करून, त्याने हे केलं ते चषक आतून उजळलेला दिसणार हे डोळ्यासमोर ठेवूनच. रंग योगायोगाने आला असेल, पण हे खड्डे योगायोगाने पडलेले नाहीत.

आता 'धोका' हा शब्द मी सहज वापरला, पण त्याचा कागदोपत्री पुरावा आहे आणि तो मिळतो कायद्याच्या पुस्तकात. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अल्पियन हा रोमन कायदेपंडित नुकसानभरपाईच्या कायद्यावर लिहिताना एक उदाहरण घेतो. त्याचा मजकूर पुढे जस्टिनियनच्या काळात संकलित झालेल्या 'डायजेस्ट'मध्ये टिकून राहिला. प्रश्न असा: तुम्ही एखाद्याला पेला डायाट्रेटम करायला दिला आणि तो फुटला, तर भरपाई कोणी द्यायची? कारागिराच्या अडाणीपणामुळे फुटला असेल तर कारागिराने. पण पेल्यात आधीच वाईट भेगा असतील तर त्याला माफी मिळू शकते. म्हणूनच, तो पुढे सांगतो, असं सामान घेताना कारागीर बहुधा आधीच ठरवून घेतात की जोखीम आमच्यावर नाही.

हे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा त्यातून काहीतरी नवं निघतं. एक, पेला 'करायला दिला' जातो. म्हणजे जाड कोरा पेला एकाकडे तयार व्हायचा आणि कोरणारा दुसरा असायचा. 337 सालच्या एका फर्मानात सार्वजनिक कामांतून सूट मिळालेल्या कारागिरांची यादी आहे, त्यातही काचवाले आणि डायाट्रेटारियस वेगवेगळे मोजलेत. दोन, कोऱ्या पेल्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाड काच घाईने थंड झाली की बाहेरचा थर आधी आखडतो, आतला मागाहून, आणि काचेत ताण कोंडून राहतो. तो घालवायला काच फार सावकाश थंड करावी लागते. याला अॅनीलिंग म्हणतात. ते नीट झालेलं नसेल तर महिनोन्‌महिने कोरलेला पेला एका फटक्यात हातात फुटणार, आणि चूक कोरणाऱ्याची नसणार. तीन, आणि हे मला सगळ्यात हलवून जातं: हा वाद इतका नेहमीचा होता की कायदेपंडिताने तो नमुन्यादाखल घेतला आणि कारागिरांनी त्यावर कराराची सवय लावून घेतली. संग्रहालयात आपण टिकलेले चषक बघतो. फुटलेल्यांची गोष्ट इथे, या एका ओळीत आहे.

हे पेले खरोखर कोरलेच होते का, यावरही वाद झालाय. जर्मन अभ्यासक रोझमेरी लियर्के यांनी मांडलं की गरम काच साच्यात दाबूनच जाळीचा मूळ आकार आणला असावा आणि कोरण्याचं काम त्यानंतरचं, मर्यादित असावं. उलट बाजूने योसेफ व्हेल्त्सेल या काच कोरणाऱ्या जर्मन कारागिराने जाड पेल्यातून चाकावर कोरून प्रतिकृती करून दाखवल्या. या वादात बाजू घेण्याआधी एक ध्यानात घ्या. प्रतिकृती जमली म्हणून 'असंच केलं होतं' हे सिद्ध होत नाही. 'असं करता येतं' एवढंच सिद्ध होतं. निकाल लावायचा तर मूळ वस्तूवरच्या खुणा बघाव्या लागतात: जाळीच्या आतल्या, हात न पोहोचणाऱ्या बाजूला घासल्याच्या रेघा आहेत का, काचेतले बुडबुडे मधोमध कापले गेलेत की काचेच्या ओघाबरोबर वळलेत. मी कोरण्याच्या बाजूचा आहे, आणि त्यात अल्पियनच्या भेगांचा वाटा मोठा आहे. तयार साच्यातून जवळजवळ अख्खी जाळी निघत असती, तर भेगांची भीती एवढी कशाला?

या सगळ्या कौतुकात एक अडचण आहे. लायकर्गससारखे चषक म्हणजे रोमन काच नव्हे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर पूर्व भूमध्य सागराच्या काठी काच फुंकण्याची कला निघाली; जेरुसलेमच्या जुन्या शहरात उत्खननात फुंकलेल्या काचनळ्यांचा कचरा सापडलाय. आणि मग काच झपाट्याने स्वस्त झाली. स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये एका तांब्याच्या नाण्याला काचेचा पेला मिळतो. तेल, अत्तर, लोणचं, राख, सगळं काचेत. पहिल्या शतकातला एनियन हा कारागीर तर साच्यात फुंकलेल्या भांड्यांवर ग्रीकमध्ये आपलं नाव घालायचा, आणि काहींवर विकत घेणाऱ्याची आठवण राहो अशी सदिच्छाही. दुकानदारी म्हणा, पण काय रुबाब! त्याच्या भांड्यांची नक्षी इतकी तलम आहे की साच्याचे सांधे शोधावे लागतात. संशोधनाला विषय निवडताना सगळे पन्नास चषकांभोवती घुटमळतात आणि हजारो साध्या बाटल्या पेट्यांत पडून राहतात, हे मला पटत नाही.

साध्या बाटल्यांबद्दल बोलताना आणखी एका सौंदर्याचा हिशेब मांडायला हवा. जुन्या रोमन काचेवर मोरपिसासारखी, इंद्रधनुषी झळाळी असते. लोक तिच्यावर भाळतात. अमेरिकेत टिफनीने तसा परिणाम मुद्दाम साधलेली काच विकली. पण ही झळाळी रोमन कारागिराने दिलेली नाही. शतकानुशतकं ओल्या मातीत राहून काचेतला क्षार निघून जातो, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात, आणि त्या पातळ थरांत उजेड खेळतो. म्हणजे ती काचेची झीज आहे. वापरात असताना ही बाटली फिकट निळसर-हिरवी होती, वाळूतल्या लोहामुळे. ज्याला पैसे मोजायचे असत तो रंगहीन काच मागे. ती करायला अँटिमनी किंवा मँगनीज घालत, आणि प्लिनी सांगतो की स्फटिकासारखी दिसणारी बिनरंगी काच सगळ्यात मोलाची. आपल्याला भुलवणारी झळाळी बघून रोमन गिऱ्हाईकाने बाटली परत केली असती.

तेव्हा एखाद्या काचेच्या भांड्याला 'सुंदर' म्हणाल तेव्हा थांबून विचारा: यातलं मातीने दिलेलं किती, भट्टीत घडून आलेलं किती, आणि हाताने केलेलं किती? समीक्षा तिथून सुरू होते.

तुमच्यापैकी जे सातवाहनकालीन स्थळांवर, तेर किंवा नेवाशाच्या मण्यांवर काम करायच्या विचारात आहेत, त्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटेल. 'पेरिप्लस'मध्ये तगर म्हणजे आपलं तेर आहे, आणि भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात कच्ची काचही आहे. म्हणजे ढेकळाच्या स्वरूपातली, पुढे वितळवून वापरायची काच. रासायनिक विश्लेषणात अॅल्युमिना जास्त आला तर काच भारतीय वाळूची असण्याची शक्यता मोठी. इजिप्तच्या नेट्रॉन क्षाराची खूण दिसली तर भूमध्य सागराकडची. पण त्यातून कळतं ते काच कुठे वितळली ते. मणी कोणी, कुठे घडवला हे भोकाच्या आकारात, कापल्याच्या खुणेत आणि टाकून दिलेल्या तुकड्यांत शोधायचं. नेट्रॉनची काच सापडली म्हणून 'रोमन मणी' लिहून मोकळं होणं म्हणजे तीच नॅनोटेक्नॉलॉजीवाली उडी.

परत चषकाकडे येतो, कारण माझ्या युक्तिवादातही एक मोकळी फट आहे आणि ती तुम्हाला दिसली असेलच. खड्डे मुद्दाम कोरले हे मान्य. पण कधी ठरवलं? कोरा पेला हातात आला, कारागिराने तो सवयीने भेगा शोधायला उजेडासमोर धरला, आणि हिरवा पेला लाल झाला, असंही घडलं असेल. मग विषयसुद्धा त्यानंतर सुचला असेल: हिरव्याची लाल होणारी द्राक्षं, वेलीत सापडलेला राजा. किंवा काच दुरंगीच हवी म्हणून आधीच मागवली असेल. दोन्हींत आतले खड्डे सारखेच दिसतील. फरक करायचा तर एक मार्ग मला दिसतो. ज्यांची काच रंग बदलत नाही अशा आकृत्यांच्या कोरीव चषकांचे तुकडे घ्यायचे आणि त्यांची आतली बाजू तपासायची, जाडी मोजायची. तिथेही आकृतीमागे काच काढलेली आढळली, तर ही एका चषकापुरती युक्ती राहत नाही, कार्यशाळेची रीत ठरते, आणि मग मला वरचे दोन परिच्छेद नव्याने लिहावे लागतील. लायकर्गसचे खड्डे अपवादात्मक मानले जातात. पण प्रकाशनांत तुकड्यांचे फोटो जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूचे असतात. कोणाला एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर आतल्या बाजू मोजायला घ्या.